शनिवारी दुपारी केबल कोण काढणार?

खडकीकर
पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला तो 11 ऑगस्ट 2018 चा शनिवार. 28 देशांतल्या एटीएममधून काही तासांत सुमारे 78 कोटी गेले, भारतातून अडीचेक कोटी वेगळे. मग सोमवारी, 13 तारखेला, स्विफ्टवरून (बँका परदेशी पैसे पाठवायला वापरतात ती संदेशयंत्रणा) आणखी 13.92 कोटी हाँगकाँगला. मला शनिवारचं नवल वाटत नाही, सोमवारचं वाटतं. पुढच्या दारातून चोर आल्यावर मागचं दार कोणी तपासायचं, हे कुठे लिहिलेलं होतं का?

फायरवॉल सगळ्यांकडे असते, ऑडिटच्या फायलीही असतात. नसतो तो कोणालाही न विचारता यंत्रणा बंद करायचा लेखी अधिकार असलेला माणूस. मॅनेजरला फोन, मग सीईओंना, मग अध्यक्षांना. आणि अध्यक्ष लग्नात!

जुना_स्विचवाला
साफ असहमत. चोरांनी खऱ्या स्विचशेजारी (एटीएमची मागणी बँकेपर्यंत नेणारी यंत्रणा) स्वतःचा खोटा स्विच उभा केला होता. एटीएमची मागणी कोअर बँकिंगपर्यंत, म्हणजे खात्यांच्या मुख्य यंत्रणेपर्यंत, पोचतच नव्हती, खोटा स्विच मधल्यामध्ये 'द्या पैसे' म्हणत होता. आत बसलेल्याला काय कप्पाळ दिसणार? तुमच्या त्या अधिकारवाल्याने कशाकडे बघून केबल काढायची? उद्या पगाराच्या दिवशी खोट्या अलार्मवर त्याने सगळं बंद केलं की लोक शाखेच्या काचा फोडतील.

खडकीकर
शनिवारचं मान्य. सोमवारचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत.
आणि बंद केल्याने आभाळ कोसळत नाही. जुलै 2024 च्या शेवटी छोट्या बँकांची तांत्रिक यंत्रणा चालवणाऱ्या सी-एज या कंपनीत रॅन्समवेअर (फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) शिरलं, तेव्हा यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला सरळ तोडलं. सुमारे 300 छोट्या बँकांचं यूपीआय, एटीएम अडलं. लोकांनी शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी जोडणी परत.

जुना_स्विचवाला
म्हणजे माझंच म्हणणं! तोडणारा बाहेरचा होता. आपल्याच बँकेचा धंदा बंद करायचा हात आतल्या माणसाचा उठत नाही, तुम्ही कितीही कागद द्या.

पतसंस्थेतली_ताई
तुम्ही मोठ्या बँकांचं बोलताय, आमचं ऐका. एका तालुक्याच्या पतसंस्थेत होते. सकाळी सगळ्या फायलींची नावं बदललेली, स्क्रीनवर खंडणीची चिठ्ठी. आपत्कालीन योजना होती हो, रंगीत मुखपृष्ठाची. पण ती होती त्याच सर्व्हरवर. व्हेंडरचा नंबरही त्यातच. शेवटी चहावाल्याच्या मोबाइलमध्ये व्हेंडरच्या पोराचा नंबर निघाला, त्याची उधारी होती म्हणून.
तेव्हापासून माझ्या ड्रॉवरमध्ये नंबरांचा कागद असतो, लॅमिनेट केलेला.

कलमकसाई
म्हणूनच कायदा लागतो. सर्ट-इनने, म्हणजे सायबर हल्ल्यांकडे बघणाऱ्या सरकारी संस्थेने, 28 एप्रिल 2022 ला आदेश काढला: घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवा, लॉग (यंत्रणेत काय काय झालं त्याच्या नोंदी) 180 दिवस ठेवा. बँकांना तर रिझर्व्ह बँकेने 2016 मध्येच 2 ते 6 तास सांगितले होते. धाक असल्याशिवाय कोणी हलत नाही.

पतसंस्थेतली_ताई
कलमकसाई, त्या सहा तासांत आमचा एकमेव आयटीवाला फॉर्म भरणार की बॅकअप शोधणार? तुमच्या कायद्याने आम्हाला लिहायला लावलं, वाचवलं नाही.

कलमकसाई
ताई, फॉर्म त्याने कशाला भरायचा? तो तुम्ही भरा. पहिल्या कळवण्यात सगळं माहीत असावं अशी अपेक्षाच नाही. 'अमुक वाजता हे दिसलं' इतकं पुरतं. दुसऱ्या बँकेत तोच चोर शिरायच्या आत बाकीच्यांना सावध करायचं असतं. तुम्ही लपवलंत तर शेजारच्या तालुक्याने कुठून शिकायचं?

पतसंस्थेतली_ताई
हे पटलं. लॉगचं मात्र नाही. 180 दिवसांचे लॉग ठेवायला डिस्क मागितली तर संचालक म्हणतात, पुढच्या वर्षी बघू.

खडकीकर
विषय भरकटतोय. 2017 मध्ये नॉटपेट्या या सायबर हल्ल्यामुळे मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा झोपली, आपल्या जेएनपीटी बंदरातलं त्यांचं टर्मिनलही अडकलं. त्यांना सावरायला मदत झाली ती घानातल्या एका सर्व्हरची. तिथे नेमकी वीज गेलेली, म्हणून तो वाचला! नशिबाने बंद होता तेच आपण हुकमाने करावं, एवढंच म्हणतोय.

जुना_स्विचवाला
बरं, द्या अधिकार. पण 'चुकून बंद केलं तर बढती अडणार नाही' हेही त्याच कागदावर लिहा. आमच्याकडे एका पोराला दिला होता. पहिल्याच खोट्या अलार्मनंतर बदली. पुढे त्या केबलला कोणी हात लावला नाही.

खडकीकर
बदली कुठे?

जुना_स्विचवाला
रेंज नसते तिथे.