फॉर्मवर ‘पहिली भाषा’ म्हणून इंग्रजीच का लिहायची? (लक्झेंबर्ग, पहिलीचा प्रवेश)

मोगरा (धागाकर्ती)

लेक सप्टेंबरात पहिलीत जाईल. लक्झेंबर्गमध्ये येऊन आम्हाला चार वर्षं झाली. तिच्यासाठी सरकारी आंतरराष्ट्रीय शाळेचा अर्ज भरतोय. अशी पहिली शाळा २०१६ साली डिफरडांजला निघाली, नंतर आणखी निघाल्या. फी नाही आणि अभ्यासक्रम युरोपियन स्कूलचा, म्हणजे युरोपीय संघाच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठीच्या शाळांचा. प्राथमिक पाच वर्षांची, इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन अशा विभागांत चालते. मुलाची ‘पहिली भाषा’ जी, तो त्याचा विभाग. वाचन, लेखन, गणित, परिसर सगळं त्या भाषेतून. दुसरी भाषाही पहिलीपासूनच असते. तिसरीपासून आठवड्यातून दीड तास सगळ्या विभागांतली मुलं एकत्र बसवतात, कधी चित्र काढायला तर कधी काही बनवायला. मला हा भाग फार आवडला.

मराठी त्या यादीत नाही. ओळखीतली बहुतेक मराठी घरं मग इंग्रजी लिहून मोकळी होतात. माझं मत, लिहू नये. आमच्या घरात इंग्रजी आहे ती आईबाबांच्या लॅपटॉपवर. लेक बालवाडीत लक्झेंबर्गिश बोलते, दुपारी पाळणाघरात फ्रेंच. परवा ती बाहुलीला जेवू घालत होती. बाहुलीने वरणभात सांडला म्हणून बोट नाचवत फ्रेंचमध्ये रागावली, "नाँ, पा कॉम सा!" (नाही, असं नाही!) मी दाराशी उभी होते. आजवर मी तिला इंग्रजीत रागावताना ऐकलेलं नाही. जी भाषा खेळात तोंडात येते तीच अक्षरओळखीला घ्यावी. सहा वर्षांच्या पोरीला एकाच वेळी नवी लिपी आणि नवी भाषा कशाला शिकायला लावायची?

घाटमाथा

पटलं नाही. उद्या नोकरी गेली, परवाना संपला, की पुणं किंवा नाशिक. फ्रेंचमधून दुसरी केलेलं मूल तिथे कुठल्या वर्गात बसवणार? आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा असाच युरोपातून परत आला. वर्षभर शिकवणी लावावी लागली आणि पोरगं अबोल झालं. शिवाय गृहपाठ कोण घेणार? तुम्हा दोघांना फ्रेंच किती येतं? आईबाप ज्या भाषेत मदत करू शकतात ती भाषा मुलाची शिदोरी असते. ‘इंग्रजी आपोआप येईल’ हे सगळे म्हणतात. बोलायला येईलही, पण लिहायला आपोआप येत नाही.

मोगरा

गृहपाठाचा मुद्दा मान्य. मला कामापुरतं फ्रेंच येतं, ह्यांना तेवढंही नाही. पण दादा, परतीची तिकिटं काढलेली नसताना तिची पाच वर्षं त्या परतीवर का बेतायची? आणि परत गेलोच तर तिला सगळ्यात आधी मराठी लागेल.

एशकर_बाबा

ताई, मला तुमचं आणि घाटमाथांचं दोघांचंही पटत नाही. माझा मुलगा एशला गावच्या साध्या सरकारी शाळेत आहे, आता चौथं वर्ष. तिथे बालवाडी लक्झेंबर्गिशमध्ये, अक्षरओळख जर्मनमधून, फ्रेंच हळूहळू जोडीला. पहिलं वर्ष जड गेलं, हे लपवत नाही. जर्मन श्रुतलेखनात २४ ऐकलं की हा ४२ लिहायचा, कारण जर्मनमध्ये आधी चार म्हणतात, मग वीस. बाईंनी दोनदा निरोप पाठवला. मग माझ्या लक्षात आलं की आपलं ‘चोवीस’ही तसंच, आधी चो, मग वीस. संध्याकाळी भांडी घासता घासता आम्ही मराठीत आकडे म्हणायला लागलो. मी ‘सदुसष्ट’ म्हणायचो, तो आधी ७ कुठल्या घरात जाईल ते बोटाने दाखवायचा. महिनाभरात गाडी रुळावर आली. तुमच्या फ्रेंचमध्ये ९२ म्हणजे ‘चार-वीस-बारा’, तेही एकदा म्हणून बघा.

मुद्दा असा की तुमच्या लेकीने लक्झेंबर्गिश मिळवली आहे. तिच्यावरून जर्मनला जाणं सोपं. फ्रेंच विभागात टाकून ती कमाई का घालवता? गावातली मुलं, फुटबॉलचा क्लब, दुकानातली आजी, हे सगळं त्या भाषेत आहे. पुढे नागरिकत्वासाठीही लक्झेंबर्गिश बोलण्या-ऐकण्याची परीक्षा लागते.

मोगरा

भीती बाराव्या वर्षाची आहे. साध्या सरकारी शाळेत प्राथमिक संपताना मूल क्लासिक लिसेत (जास्त अभ्यासी माध्यमिक शाळेत) जाणार की जनरल (जास्त व्यवसायाकडे झुकणाऱ्या), हे ठरतं आणि त्यात जर्मनचं वजन मोठं. घरी जर्मनचा एक शब्द नसलेल्या मुलांना ते महागात पडतं. सरकारलाही ते कळलंय, म्हणून तर २०२२ पासून चार शाळांत फ्रेंचमधून अक्षरओळखीचा प्रयोग सुरू केला. तुमच्या मुलाला भांडी घासताना आकडे घेणारा बाप मिळाला. आम्ही दोघं सातला घरी येतो.

एशकर_बाबा

भीती खोटी नाही. मलाही आहे.

कृष्णाकाठ

मी सातारा जिल्ह्यातली निवृत्त प्राथमिक शिक्षिका. मोगरा, बाहुलीची गोष्ट मी दोनदा वाचली. पोरगी रागावते फ्रेंचमध्ये, पण तापात कुठल्या भाषेत बोलते ते सांग. तुम्ही तिघंही मराठी ‘घरी आहेच’ असं धरून चाललाय. घरी असते ती बोली, ‘हे घे, ते ठेव, लवकर आवर’ एवढी. तेवढ्यावर कुणी वाचायला शिकत नाही. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’ला ‘वीस एक’ म्हणायला सांगितलं, तेव्हा इथे केवढा गदारोळ झाला. नवी पद्धत मुलांना सोपी जाते हे मी वर्गात पाहिलंय, तरी एशच्या बाबांचं वाचून जुने शब्द राहू द्यावेत असं वाटायला लागलं. विभाग कुठलाही घ्या, पण सप्टेंबरच्या आत तिला मराठीतून वाचायला शिकवा. ‘कमळ’ वाचता आलं की अक्षर म्हणजे आवाज हे तिला कळेल. मग ती दुसरी लिपी झपाट्याने घेईल.

घाटमाथा

बाई, आदर ठेवून सांगतो, तीन भाषांच्या ओझ्यावर आणखी ही वेगळी लिपी? पोर सहा वर्षांची आहे.

कृष्णाकाठ

ओझं भाषेचं होत नाही, घाईचं होतं. रोज दहा मिनिटं, तीही मांडीवर.

मोगरा

तापात ती मराठीतच बोलते. ‘आई, पाणी’ एवढंच, पण मराठीत. बाई, हे मी धाग्यात आधीच लिहायला हवं होतं.

रात्री आम्ही दोघांनी पुन्हा विचार केला. पहिली भाषा फ्रेंच, हे कायम. दुसरी भाषा इंग्रजी लिहिणार होतो, ती खोडून जर्मन करतोय, एशच्या बाबांमुळे. लक्झेंबर्गिशवर उभं राहायला तिला काहीतरी मिळेल.

घाटमाथा

म्हणजे इंग्रजी थेट माध्यमिकला, तिसरी भाषा म्हणून? अकराव्या वर्षी? ही चूक आहे असं मी स्पष्ट सांगतो.

मोगरा

हो, अकराव्या वर्षी. मी स्वतः पाचवीत एबीसीडी शिकले, तालुक्याच्या शाळेत, आणि आज दिवसभर इंग्रजीत काम करते. बाई, बालभारतीचं पहिलीचं पुस्तक पीडीएफवर वाचायला घेऊ, की आईला छापील पाठवायला सांगू?

कृष्णाकाठ

छापील. त्यात तिला रंगवू दे.