क्लब बदलता येत नाही, पण या मालकाचं काय करायचं?

बाकावरचा

माझ्या फुटबॉल क्लबचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की तिसऱ्या प्रतिसादापर्यंत गेल्या शनिवारच्या पेनल्टीवरून भांडण जुंपेल आणि माझा प्रश्न राहील बाजूला.

मी नऊ वर्षांचा असताना मामानं स्वतःच्या गळ्यातला स्कार्फ काढून माझ्या गळ्यात घातला. आज मी सेहेचाळीसचा आहे. या सदतीस वर्षांत आम्ही दोनदा खालच्या विभागात गेलो, एकदा कपची फायनल हरलो, आणि एक अख्खा मोसम असा गेला की घरच्या मैदानावर फक्त चार सामने जिंकलो. तेव्हा एकदाही ‘आता पुरे’ असं मनात आलं नाही. आता येतं. संघ तक्त्यात सहावा आहे, तरी येतं.

सहा वर्षांपूर्वी एका गुंतवणूक फंडानं क्लब घेतला. आधी कबुली देऊन टाकतो: मी टाळ्या वाजवल्या होत्या. जुना मालक चिकट होता, ट्रान्सफर विंडोच्या (खेळाडू घेण्या-विकण्याच्या मुदतीच्या) शेवटच्या दिवशी कुठूनतरी एखादा दुखापतग्रस्त स्ट्रायकर लोनवर, म्हणजे उसना, आणायचा. त्याच्या जागी नवे लोक आले तेव्हा मी रात्रभर जागून बातम्या वाचल्या, मित्रांना मेसेज टाकले. आजही ते मेसेज फोनमध्ये आहेत. वाचवत नाहीत.

मग एकेक सुरू झालं. बोधचिन्हातली घंटा काढली, कारण मोबाइलच्या स्क्रीनवर ती ‘नीट उठून दिसत नाही’. चौथी जर्सी आली. (चौथी! आमच्या लहानपणी घरची आणि बाहेरची, संपला विषय.) सदस्यत्वाचे तीन वर्ग झाले. हे सगळं मी कुरकुरत गिळलं. घोडं अडलं ते एका पोरामुळे.

तो सतरा वर्षांचा असल्यापासून मी त्याला बघतोय. युवा संघाचे सामने एकाच कॅमेऱ्यावर दाखवायचे, पावसात तर काचेवरचे थेंबच जास्त दिसायचे. डावखुरा मिडफिल्डर, चेंडू पायाशी यायच्या आधी दोनदा मान वळवून मागे बघायची सवय. विसाव्या वर्षी मुख्य संघात जागा पक्की झाली. आणि या जानेवारीत त्याला मालकाच्याच दुसऱ्या देशातल्या क्लबला देऊन टाकलं, कारण त्यांचा मिडफिल्डर जायबंदी झाला होता. रक्कम जाहीर नाही. वेबसाइटवर मथळा: ‘कुटुंबातच राहिला!’ दोन दिवसांनी मला मेल आला, त्याच्या नव्या जर्सीवर सदस्यांना १५ टक्के सूट.

सदतीस वर्षांत क्लबनं मला एवढं मूर्ख कधी समजलं नव्हतं.

आता खरी टोचणी. एप्रिल २०२१ मधली सुपर लीग, युरोपातल्या बड्या क्लबांनी आखलेली वेगळी स्पर्धा, आठवते ना? रविवारी रात्री १२ क्लबांनी घोषणा केली आणि मंगळवारी रात्रीपर्यंत सहाही इंग्लिश क्लबांनी माघार घेतली. लोक रस्त्यावर आले म्हणून. चेल्सीच्या मैदानाबाहेर त्यांचा जुना गोलकीपर पेत्र चेक गर्दीत उतरून ‘बसला वाट द्या’ म्हणून विनवत होता. त्या दिवसांत बातम्यांमध्ये आलं होतं की या योजनेमागचे लोक मैदानाशी जोडलेल्या जुन्या चाहत्यांना ‘लेगसी फॅन’ म्हणतात, आणि त्यांचा डोळा आहे ‘भविष्यातल्या’ चाहत्यांवर. हे भविष्यातले म्हणजे कोण? लांब कुठेतरी बसून स्क्रीनवर सामना बघणारा, जर्सी ऑनलाइन मागवणारा. म्हणजे मीच की! घंटा काढली ती माझ्या मोबाइलसाठी. सगळं चाललंय माझ्या नावानं आणि मला कुणी विचारलेलं नाही.

मैदानाजवळ राहणाऱ्याला निदान गेटबाहेर उभं राहता येतं. लांबच्यानं काय करायचं? सदस्यत्वाचं नूतनीकरण ३० तारखेला आहे.

डावा विंगर

पैसे बंद करा, संघ सोडू नका. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२०१० साली मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांनी मालकांविरुद्ध हेच केलं. लाल स्कार्फ ठेवून दिले आणि हिरवे-सोनेरी घातले. क्लब न्यूटन हीथ नावानं खेळायचा तेव्हाचे रंग. मालकाच्या दुकानातून काही घ्यायचं नाही, पण स्टँडमध्ये बसायचं. त्या मार्चमध्ये क्लबचा जुना खेळाडू बेकहॅम मिलानकडून खेळायला आला आणि सामन्यानंतर जमिनीवरचा तसा एक स्कार्फ उचलून त्यानं गळ्यात घातला. तुमच्याकडे तर मामांचा जुना स्कार्फ आहे. त्याच्यावर घंटा असणारच.

खतावणी

व्यवसायानं हिशेब तपासतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

‘पूर्वीचे मालक खेळासाठी होते, आताचे पैशासाठी’ हे अर्धंच खरं. इंग्लंडमध्ये एफएचा, म्हणजे तिथल्या फुटबॉल संघटनेचा, ३४ क्रमांकाचा नियम होता. त्यात लाभांशावर मर्यादा आणि संचालकांच्या मानधनावर बंधनं होती. क्लबातून पैसा काढणं अवघड होतं, म्हणून पैशासाठी येणारेही कमी. १९८३ मध्ये टॉटनहॅमनं क्लबच्या वर एक होल्डिंग कंपनी उभी केली आणि ती शेअर बाजारात नेली. नियम लागू क्लबला, कंपनी मोकळी. दार तिथे किलकिलं झालं, पुढे सगळेच आत शिरले.

२००५ मध्ये ग्लेझर कुटुंबानं मँचेस्टर युनायटेड सुमारे ७९ कोटी पौंडांना घेतला. त्यातला मोठा हिस्सा कर्जाऊ होता आणि त्या कर्जाचा बराच भार क्लबवरच आला. तोपर्यंत क्लब कर्जमुक्त होता. एखाद्यानं घर घ्यावं आणि हप्ते घरातल्या भाडेकरूच्या पगारातून कापावेत, तसा प्रकार.

तुमच्या पोराचं प्रकरण वेगळ्या जातीचं आहे. एकाच मालकाचे दोन क्लब असले की खेळाडू एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो. रक्कम किती दाखवायची हे विकणारा आणि घेणारा ठरवतो, आणि ते दोघे एकच. क्लब इंग्लिश असेल तर त्याचे वार्षिक हिशेब कंपनीज हाउस या सरकारी कंपनी-नोंदणी कार्यालयाच्या वेबसाइटवर फुकट मिळतात. पहिली गुळगुळीत पानं सोडा, शेवटच्या टिपा वाचा. ‘संबंधित पक्षांशी व्यवहार’ ही टीप आधी. मग मालकाकडून आलेला पैसा भांडवल म्हणून आलाय की कर्ज म्हणून, आणि कर्ज असेल तर व्याज किती, ते बघा. लांबून करण्यासारखं हे एक काम नक्की आहे, त्याला मैदानाजवळ राहावं लागत नाही.

ऑफसाइड ट्रॅप

स्पष्ट बोलू? संघ पहिला असता तर हा धागा निघाला नसता.

रशियन अब्जाधीश अब्रामोविचनं चेल्सीत दीड अब्ज पौंड कर्जाऊ ओतले, एकोणीस वर्षं ट्रॉफ्या आल्या, कुणी विचारलं का पैसा कुठला? मार्च २०२२ मध्ये बर्नलीच्या मैदानावर युक्रेनसाठी टाळ्या चालू असताना पाहुण्या स्टँडमधून त्याच्या नावाचा गजर झाला. चाहत्याची नीतिमत्ता गोलफरकावर असते. तुम्हीही टाळ्या वाजवल्याच होत्या.

बाकावरचा

@ऑफसाइड ट्रॅप: लागलं, पण नेम बरोबर आहे. पहिले असतो तर कदाचित हे लिहिलं नसतं. पण त्या पोराचं लागलं असतंच. तो काही मालकानं आणलेला नव्हता हो, तो आमचा होता.

@खतावणी: टिपा वाचल्या. दोन संध्याकाळी गेल्या. मालकाचा पैसा कर्ज म्हणून आहे, आणि व्याज माझ्या अंदाजापेक्षा बरंच जास्त. शिवाय ‘व्यवस्थापन सेवा शुल्क’ म्हणून दरवर्षी एक रक्कम वर जाते. सेवा कसली ते लिहिलेलं नाही. घंटा काढण्याची असावी.

विम्बल्डनवाला

लांबच्या माणसाचं मत मोजलं जातं अशा जागा आहेत, म्हणून लिहितो.

मे २००२ मध्ये एफएच्या आयोगानं विम्बल्डन क्लबला मिल्टन कीन्सला हलायची परवानगी दिली. सुमारे नव्वद किलोमीटर लांब! चाहत्यांनी त्याच उन्हाळ्यात नवा क्लब काढला, विम्बल्डन कॉमनच्या मोकळ्या गवतावर चाचणी घेतली, दोनेकशे जण बूट घेऊन आले. इंग्लिश फुटबॉलच्या नवव्या स्तरावरून सुरुवात करून हा नवा क्लब, एएफसी विम्बल्डन, २०११ मध्ये फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे चौथ्या स्तरावर, पोचला आणि २०२० मध्ये प्लाउ लेनला परतला, जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर. बहुमत चाहत्यांच्या ट्रस्टकडे आहे. एका सदस्याला एक मत. मी आजवर ते मैदान प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, पण मतदान केलंय.

सगळं गोड नसतं, हेही सांगतो. पोर्ट्समथ २०१३ मध्ये चाहत्यांनी वाचवला, चौथ्या स्तरावर पडलेला, कर्जात बुडालेला. २०१७ मध्ये तो स्तर जिंकलाही. आणि त्याच वर्षी त्याच चाहत्यांनी मत देऊन क्लब एका अमेरिकी गुंतवणूकदाराला विकला, कारण मैदानाच्या दुरुस्तीला पैसा कुठून आणणार? त्यांना दोष देववत नाही. बरी नावाच्या क्लबला तेवढंही नशीब मिळालं नाही. १८८५ चा क्लब, दोन एफए कप जिंकलेला, ऑगस्ट २०१९ मध्ये लीगमधून काढला गेला.

डावा विंगर

आणि दरवेळी नवा क्लबच काढावा लागतो असं नाही. फेब्रुवारी २०१६, लिव्हरपूल. ७७ पौंडांचं तिकीट जाहीर झालं तर ७७ व्या मिनिटाला हजारो लोक उठून बाहेर गेले. तेव्हा २-० नं पुढे होते, सामना सुटला २-२. चार दिवसांत मालकांनी माफी मागून दर मागे घेतला. जर्मनीत तर २०२४ मध्ये लोकांनी मैदानावर टेनिसचे चेंडू फेकून फेकून सामने थांबवले आणि लीगनं गुंतवणूकदाराला हिस्सा विकण्याचा बेत गुंडाळला. तिथे ‘५० अधिक १’ चा, म्हणजे क्लबमधलं बहुमत सदस्यांकडेच ठेवण्याचा, नियम आहे म्हणून सदस्यांच्या आवाजाला वजन आहे, हे खरं.

खतावणी

इंग्लंडमध्येही २०२५ मध्ये फुटबॉलच्या स्वतंत्र नियामकाचा कायदा झाला. बोधचिन्ह किंवा घरच्या जर्सीचे रंग बदलायचे तर आता चाहत्यांचा पाठिंबा दाखवावा लागेल. कार्डिफ सिटीचं टोपणनाव ‘ब्लूबर्ड्स’, आणि मालकानं २०१२ मध्ये त्यांना लाल जर्सी घातली. निळी परत यायला जानेवारी २०१५ उजाडलं. घंटेसाठी मात्र उशीर झाला.

बाकावरचा

सदस्यत्वाचं ठरलं. ३० तारखेला आपोआप पैसे कापले जायचे, ते बंद केलं. रद्द करताना कारण विचारतात. यादीत ‘किंमत’, ‘वेळ नाही’, ‘इतर’. ‘इतर’ निवडलं तर दीडशे अक्षरांचा चौकोन येतो. मी पोराचं नाव लिहिलं आणि पाठवून दिलं.

मामाला फोन केला. तो एकाहत्तरचा आहे. म्हणाला, ‘मालक? मी गोलकीपर बघायचो रे. मालक कोण होता तेही मला माहीत नव्हतं.’ मग म्हणाला, ‘तू सोड नाहीतर ठेव, पण टीम जाहीर झाली की मला सांगत जा, मला ते अॅप उघडता येत नाही.’ म्हणजे शनिवारी अॅप उघडणं आलंच.

जर्सी घेणार नाही, तिसरी नाही, चौथी तर नाहीच. त्या दुसऱ्या क्लबचे सामनेही बघणार नाही, त्यांच्या आकड्यांत भर कशाला?

डावा विंगर

तो पोरगा काल बाकावर होता. सत्तराव्या मिनिटाला आला.

बाकावरचा

एकाहत्तराव्या. आणि पहिल्या पासआधी दोनदा मान वळवली.