बुजलेलं बीळ म्हणजे रिकामं बीळ नव्हे

ऑक्टोबरात जैसलमेरकडे सांड्यांची, म्हणजे वाळवंटातल्या काटेरी शेपटीच्या सरड्यांची, बिळं बुजलेली दिसली म्हणून वसाहत उठली, असं अनुमान कुणी काढलं आहे; ते मला पटत नाही. सांडा रात्री बिळाचं तोंड आतून मातीने बंद करतो. चरबीच्या तेलाच्या खुळापायी त्याची शिकार होतेच, तेव्हा ‘संपले’ असं नोंदवताना फार जपायला हवं.

आम्ही कोल्हापूरकर मसाई पठारावर उजाडताच फिरणारे, तीच सवय तिकडे नेली आणि पहिले दोन दिवस हाती काही लागलं नाही. तिसऱ्या दिवशी एकाच बिळासमोर बसून राहिलो. ऊन चांगलं तापल्यावर माती हलली, आधी चपटं डोकं बाहेर आलं. अंग काळपट होतं, उन्हात बसल्यावर हळूहळू वाळूसारखं फिकं झालं, मगच तो चरायला निघाला.