मदत हवी आहे: कर्नलचं बीटीएफ एममॅप होत नाही. लॅपटॉपवर 'पर्मिशन डिनाइड', गेटवेवर 'नो सच डिव्हाइस'

मानेवाडा_मोड (शुक्रवार, रात्री ११:२०)

नमस्कार मंडळी. तीन रात्री घालवल्या, आता लाज सोडून विचारतो.

नागपुरात कळमन्यातल्या काही शीतगृहांत आमचे छोटे गेटवे बसवलेले आहेत, १ जीबी रॅमचे. त्यांवर ईबीपीएफ (कर्नलच्या आत छोटे प्रोग्राम चालवायची सोय) वापरून डिस्क आणि नेटवर्कवर नजर ठेवणारे १२ एजंट चालतात. (१२ का, ते विचारू नका. माझ्या आधीच्या माणसाची करणी.) प्रत्येक एजंट सुरू होताना /सिस/कर्नल/बीटीएफ/व्हीएमलिनक्स ही बीटीएफची (कर्नलमधल्या टाइपांच्या वर्णनाची) फाइल आख्खी वाचून हीपमध्ये (स्वतःच्या मेमरीत) ठेवतो, कारण चालू कर्नलच्या टास्क_स्ट्रक्टमध्ये (प्रोसेसची माहिती ठेवणाऱ्या रचनेत) कुठलं फील्ड कितव्या बाइटवर आहे ते तिथूनच कळतं. फाइल साधारण ६ एमबी. म्हणजे एकाच मजकुराच्या १२ प्रती, ७२ एमबी. एवढ्याशा डब्यात हे बघवत नाही.

नव्या कर्नलमध्ये ही फाइल थेट एममॅप करता (प्रोसेसच्या मेमरीत जोडून घेता) येते असं कळलं, म्हणून पार्सर (फाइल वाचून अर्थ लावणारा कोड) बदलायला घेतला. लॅपटॉपवर उबंटू २५.१०, कर्नल ६.१७. गेटवेवर उबंटू २४.०४ चा मूळ ६.८.

लॅपटॉपवर आधी मॅप_प्रायव्हेट लावून पाहिलं: पर्मिशन डिनाइड. मग वाटलं, आपल्याला मेमरीची पानं सगळ्या प्रोसेसमध्ये वाटून घ्यायची आहेत, तर मॅप_शेअर्ड पाहिजे. तेही केलं: पर्मिशन डिनाइड. सुडो (रूटचे हक्क) लावला, तेच. अ‍ॅपआर्मर (उबंटूची सुरक्षा-यंत्रणा) बंद करून पाहिलं, तेच. फाइलची परवानगी ०४४४ आहे, ओपन तर बिनबोभाट होतं. गेटवेवर मात्र दोन्ही प्रकारांत 'नो सच डिव्हाइस' येतं. कुठलं डिव्हाइस, बाप्पा? फाइल समोर दिसून राहिली आहे.

अधिवेशनामुळे सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते बॅरिकेड लावून बंद आहेत, त्यामुळे या आठवड्यात घरूनच काम. चाचणीचा गेटवे सदर भागातल्या ऑफिसात आहे, त्याला दुरूनच हात लावता येतो. तो बंद पडेल असं काही सांगू नका.

डबल_सुडो (रात्री ११:३१)

रूट शेलमध्ये जाऊन करून पाहा. सुडो आणि रूट शेल यात फरक असतो.

टर्रीपोहा (रात्री ११:४८)

वरच्या उत्तराकडे दुर्लक्ष करा. ओपन झालं याचा अर्थ फाइलच्या परवानगीचा प्रश्न तिथेच संपला. नकार एममॅपकडून येतोय.

एसट्रेस (प्रोग्रामने कर्नलला केलेले कॉल दाखवणारं साधन) लावून एममॅपची ओळ जशीच्या तशी टाका. "मॅप_प्रायव्हेट लावून पाहिलं" एवढ्यावरून काही सांगता येत नाही, त्या कॉलला सहा आर्ग्युमेंट असतात.

मानेवाडा_मोड (शनिवार, रात्री १२:०५)

घ्या भाऊ. लॅपटॉपवरच्या दोन्ही ओळी:

पहिली: एममॅप(नल, फाइलची लांबी, प्रॉट_रीड | प्रॉट_राइट, मॅप_प्रायव्हेट, ३, ०) = -१ ईअ‍ॅक्सेस

दुसरी: एममॅप(नल, फाइलची लांबी, प्रॉट_रीड, मॅप_शेअर्ड, ३, ०) = -१ ईअ‍ॅक्सेस

शून्य_पॉइंटर (शनिवार, सकाळी ७:४०)

सापडलं. तुम्ही दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा वेगवेगळी चूक केलीत, पण नकार एकच आला. म्हणून वाटलं की दारच बंद आहे. जी जोडी चालते, म्हणजे प्रॉट_रीड (फक्त वाचण्याचा हक्क) एकटं आणि सोबत मॅप_प्रायव्हेट, ती तुम्ही लावलीच नाही.

ही सोय कर्नल ६.१६ मध्ये आली, जुलै २०२५ मध्ये. हा कोड छोटा आहे, कर्नल/बीपीएफ या फोल्डरातल्या सिसएफएस_बीटीएफ.सी मध्ये एका बैठकीत वाचून होतो. मॅपिंगमध्ये लिहिण्याचा हक्क मागितला, चालवण्याचा हक्क मागितला किंवा ते शेअर्ड असलं, की 'पर्मिशन डिनाइड', म्हणजेच ईअ‍ॅक्सेस. ऑफसेट शून्य नसेल किंवा लांबी फाइलच्या पानांपेक्षा जास्त असेल, तर ईइनव्हॅल ('इनव्हॅलिड आर्ग्युमेंट'). तुमची पहिली ओळ लिहिण्याच्या हक्कावर अडली, दुसरी शेअर्डवर. रूट असा नाहीतर कोणीही, हे नियम सगळ्यांना सारखे. एकदा मॅप झाल्यावर एमप्रोटेक्ट या हक्क बदलणाऱ्या कॉलने लिहिण्याचा हक्क मिळवू म्हटलं तर तेही चालत नाही, ती वाट आधीच बंद केलेली आहे.

आता शेअर्डबद्दल. तुमचा तर्क चुकीचा नाही, फक्त तो शब्दाला भुलला. प्रायव्हेटचा अर्थ "मी लिहिलं तर त्या पानाची माझी वेगळी प्रत काढा" एवढाच. लिहायचंच नसेल तर प्रत कधीच निघत नाही. इथे तर तुम्हाला जी पानं दिसतात ती कर्नलच्या स्वतःच्या पोटातल्या बीटीएफची खरी पानं आहेत. १२ एजंटांनी प्रायव्हेट मॅप केलं तरी मेमरीत मजकूर एकच, आणि तोही कर्नलने बूट होतानाच तिथे ठेवलेला. तुमच्या खिशातून जादा एक पान जात नाही.

एक विचारतो: वाचायच्या फाइलला प्रॉट_राइट कशाला लावलं?

मानेवाडा_मोड (सकाळी ८:१५)

चालली!! प्रॉट_रीड आणि मॅप_प्रायव्हेट, पहिल्या फटक्यात.

आणि पुढच्याच सेकंदाला सेगफॉल्ट, म्हणजे मनाई असलेल्या मेमरीला हात लावून प्रोग्राम कोसळला.

राइट कशाला, त्याचं उत्तर तिथेच आहे. आमचा पार्सर एखादा टाइप पाहून झाला की त्याच्या इन्फो या शब्दातला एक रिकामा बिट चालू करून ठेवतो, म्हणजे वर्तुळात फिरणाऱ्या पॉइंटरांत अडकायला नको. हीपमधल्या प्रतीवर हे वर्षभर सुखाने चाललं. सांगायलाही बरं वाटत नाही, पण हा प्रकार आधीच्या माणसाचा नाही, माझाच.

शून्य_पॉइंटर (सकाळी ९:०२)

साध्या फाइलवर तुमची युक्ती चालली असती, पण शिवलेल्या प्रत्येक पानाची प्रत निघाली असती आणि ६ एमबी पुन्हा तुमच्याच माथी. खुणा वेगळ्या ठेवा. दीड लाख टाइप धरले तरी टाइपमागे एक बिट म्हणजे वीसेक केबी.

खरा खर्च दुसरीकडे आहे आणि तो एममॅपने जात नाही. बीटीएफमध्ये प्रत्येक टाइपचा मूळ भाग १२ बाइटचा, पण त्याच्यामागे किती शेपूट येईल हे प्रकारावर ठरतं: स्ट्रक्ट असेल तर प्रत्येक मेंबरमागे आणखी १२ बाइट, फंक्शन प्रोटोटाइप असेल तर प्रत्येक पॅरामीटरमागे ८. त्यामुळे ४७ हजारावा टाइप कुठे आहे ते गुणाकाराने काढता येत नाही, पहिल्यापासून चालत जावं लागतं. म्हणून बहुतेक पार्सर सुरुवातीलाच ऑफसेटचा तक्ता बांधतात. दीड लाख टाइप, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे ६०० केबी, आणि हा तक्ता प्रत्येक प्रोसेसचा आपला आपला. तुम्हाला दहा-वीसच स्ट्रक्ट लागत असतील तर एकदा चालत जा, हवे ते ऑफसेट टिपा आणि तक्ता सोडून द्या. (टाइप क्रमांक ० म्हणजे व्हॉइड, तो फाइलमध्ये नसतो. मोजणी १ पासून. इथे मी स्वतः एक रविवार घालवलाय.)

पुढेमागे एजंट कोसळला आणि कोअर फाइल (कोसळतानाची मेमरीची नोंद) उघडलीत, तर बीटीएफच्या पत्त्यांवर काहीच वाचता येणार नाही. तो बग नव्हे, हे मॅपिंग कोअर डंपमधून वगळलेलं असतं.

टर्रीपोहा (सकाळी ९:३०)

गेटवेवरच्या 'नो सच डिव्हाइस'चं: ६.८ मध्ये या फाइलला एममॅपचा हँडलरच नाही. ज्या सिसएफएस (/सिस खालच्या) फाइलला तो नसतो तिथे कर्नल ईनोडेव्ह, म्हणजे 'नो सच डिव्हाइस', देतो. नाव डिव्हाइसचं, डिव्हाइसशी संबंध शून्य. फ्लॅग कितीही बदला, तिथे हे चालणार नाही.

आणि कोडमध्ये यूनेमने आवृत्ती बघून निर्णय घेऊ नका, डिस्ट्रोवाले मागच्या कर्नलमध्येही गोष्टी आणून बसवतात. सरळ एममॅप करून बघा, जमलं नाही तर रीडवर या. नवी लिबबीपीएफ लायब्ररीही असंच करते.

रीडमध्ये एक खड्डा आहे. या फाइलवर एका रीड कॉलला जास्तीत जास्त एक पान मिळतं, तुम्ही ६ एमबीचा बफर दिला तरी. एक्स८६ वर ४०९६ बाइट. लूप नसेल तर फाइल अर्धवट.

मानेवाडा_मोड (सकाळी ९:४१)

लूप आहे. त्या दीड हजार ओळी एसट्रेसमध्ये दिसायच्या तेव्हा वाटायचं आपलाच बफर लहान आहे. मी तो दोनदा वाढवलाही होता.

मग गेटवेचं काय? कर्नल बदलायची परवानगी शीतगृहवाले सीझन संपल्याशिवाय देणार नाहीत.

जयताळ्याची_ताई (दुपारी १:१०)

कर्नल न बदलता होतं. आमच्याकडे जुन्या मशीनवर असंच चालू आहे.

बूट झाल्यावर, एजंट उठायच्या आधी, एका छोट्या सिस्टमडी सर्व्हिसने ती फाइल /रन खाली कॉपी करा. /रन म्हणजे टीएमपीएफएस (रॅममधली फाइल सिस्टम), तिथली फाइल साधी फाइल असते, ती एममॅप होते. सगळ्या एजंटांनी तीच प्रॉट_रीड, मॅप_प्रायव्हेट करून घ्यायची. १२ प्रतींच्या जागी एक. रीबूट झाला की /रन रिकामं, म्हणजे कर्नल बदलल्यावर जुनं बीटीएफ वापरलं जाण्याची भीती नाही. /व्हार खाली ठेवलंत तर हाच घोळ होतो, तेव्हा तो मोह टाळा. फाइल रूटच्या मालकीची, बाकीच्यांना फक्त वाचायला. आधी तात्पुरत्या नावाने कॉपी करून मग रीनेम करा, नाहीतर एखादा एजंट घाईत अर्धी फाइल मॅप करून बसतो.

आणि तुम्ही नको म्हणालात तरी विचारते: १२ एजंट एकाच बापाच्या (मूळ प्रोसेसच्या) पोटातून का निघत नाहीत? बापाने एकदा पार्स करायचं, मग फोर्क (स्वतःच्या प्रती काढून नव्या प्रोसेस). ऑफसेटचा तक्ताही आपोआप वाटला जातो, आणि हे कुठल्याही कर्नलवर चालतं. आपला एकही एजंट फोर्कनंतर एक्झेक (स्वतःच्या जागी दुसरा प्रोग्राम चढवणं) करत नाही ना, तेवढं बघून घ्या. एक्झेक झालं की सगळं गेलं.

मानेवाडा_मोड (रात्री १०:५५)

ताई, तुमची /रनवाली युक्ती गेटवेवर बसवली. १२ ही एजंट एकाच फाइलवर आले, ईनोडेव्हचं तोंड पुन्हा पाहावं लागलं नाही. लॅपटॉपवर एसट्रेसच्या दीड हजार ओळींच्या जागी एक एममॅप. खुणांचा बिटमॅप वेगळा केला, तक्ता काढून टाकला, आम्हाला नऊच स्ट्रक्ट लागतात.

फोर्कचं जमणार नाही. १२ पैकी चार एजंट गो मध्ये आहेत, ते वेगळे बायनरी आहेत.

शेवटचं एक. /सिस/कर्नल/बीटीएफ खाली मॉड्यूलांच्याही फाइली आहेत. एनव्हीएमई (एसएसडीच्या ड्रायव्हरच्या) मॉड्यूलची मॅप करायला गेलो तर ६.१७ वरही ईनोडेव्ह.

शून्य_पॉइंटर (रात्री ११:१५)

बरोबर आहे, सोय फक्त व्हीएमलिनक्सपुरती आहे. मॉड्यूलच्या फाइली छोट्या असतात, त्या रीडनेच घ्या. फक्त त्या स्वतंत्र नाहीत: त्यांचे टाइप क्रमांक आणि स्ट्रिंगचे ऑफसेट दोन्ही व्हीएमलिनक्स जिथे संपतो तिथून पुढे चालू होतात. म्हणजे ऑफसेट व्हीएमलिनक्सच्या स्ट्रिंग भागाच्या लांबीपेक्षा लहान असेल तर नाव मॅपमध्ये शोधायचं, नाहीतर ती लांबी वजा करून मॉड्यूलच्या फाइलमध्ये.

मानेवाडा_मोड (रात्री ११:२२)

एनव्हीएमईची नावं कचऱ्यासारखी का दिसत होती ते आत्ता कळलं. ताई, शून्यभाऊ, टर्रीपोहा, अधिवेशन संपून रस्ते उघडले की सदरला या, पोहे माझ्याकडून. डबल_सुडो, तुम्हीही या.