माझाच पेपर, आणि घरच्यांना वाचायला साडेतीन हजार?

डिंक्या_पीएचडी:
नमस्कार मंडळी. नागपुरात पीएचडी करून राहिली आहे, विषय संत्र्यावरचा डिंक्या रोग. काटोल-कळमेश्वरकडच्या बगीच्यांतून तीन वर्षं माती उकरून आणली. त्यात आमच्या मोठ्या बाबांचाही बगीचा होता. गेल्या महिन्यात पेपर छापून आला, म्हणून घरच्या ग्रुपवर लिंक टाकली. तासाभरात मोठ्या बाबांचा फोन, "काय व पोरी, हा तर चाळीस डॉलर मागून राहिला!" म्हणजे साडेतीन हजाराच्या आसपास. आठ पानांचे. माती त्यांची, झाडं त्यांची, उन्हात फिरताना चहासुद्धा त्यांचाच.

संपादकांना मेल केला. पेपर सगळ्यांसाठी खुला करायचा तर म्हणे लेखकानं दोन हजारांवर डॉलर भरायचे. माझी फेलोशिप महिन्याला ३७ हजार रुपये. छापलेली पीडीएफच सरळ फेसबुकवर टाकली तर काय होईल? गाईड म्हणतात, भानगडीत पडू नको.

बर्डीवाला:
अहो, सरकारची 'एक देश एक सदस्यता' योजना आली ना! जानेवारी २०२५ पासून १३ हजार जर्नलं फुकट.

जुना_ग्रंथपाल:
फुकट कुठली बावा, तीन वर्षांचे सहा हजार कोटी सरकारनं मंजूर केले आहेत. शिवाय ती सोय सरकारी विद्यापीठं, कॉलेजं आणि संशोधन संस्थांसाठी. काटोलचा शेतकरी त्या यादीत बसत नाही.

आता पोरी, तुझं. छापलेली पीडीएफ टाकू नको, सही करून हक्क बहुधा तूच प्रकाशकाला दिले आहेस. पण तू आधी पाठवलेला मसुदा वेगळा, परीक्षकांच्या सूचना घालून स्वीकारला गेलेला वेगळा आणि प्रकाशकानं सजवलेला वेगळा. मधला, म्हणजे तुझ्या वर्डमधला शेवटचा, तो कामाचा. करारनामा काढून वाच (सही करताना कोणी वाचत नाही, चाळीस वर्षं पाहिलं). बरेच प्रकाशक तो मसुदा संस्थेच्या ऑनलाइन भांडारात, म्हणजे कोणालाही वाचता येईल असा, ठेवू देतात, अनेकदा १२ महिने थांबून. याला ग्रीन ओपन ॲक्सेस म्हणतात, दमडी लागत नाही. आणि प्रकल्पाला पैसा कोणाचा होता? डीएसटी किंवा डीबीटीचा (केंद्राचे विज्ञान-तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान विभाग) असेल तर स्वीकारलेला मसुदा भांडारात ठेवा असं त्यांचंच २०१४ चं धोरण आहे. ते गाईडना दाखव.

पुढच्या पेपराचा कच्चा मसुदा आधी बायोआर्काइव्हवर चढव, जीवशास्त्राचे मसुदे सगळ्यांसाठी खुले ठेवायची ती वेबसाइट. जर्नलला ते चालतं का, तेवढं पाहून घे. भौतिकशास्त्रवाले १९९१ पासून आर्काइव्ह नावाच्या तशाच साइटवर हेच करून राहिले आहेत. मोठ्या बाबांना मात्र आजच व्हॉट्सॲप कर. एकट्यादुकट्याला मसुदा पाठवला तर सहसा कोणी अडवत नाही.

मास्तर_वर्धारोड:
एक सांगतो. 'ओपन ॲक्सेस' म्हणत पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या बोगस जर्नलांचे "आदरणीय प्राध्यापक" असे मेल येतील, भुलू नका. मी एकदा पंधराशे रुपये भरले. चार दिवसांत स्वीकृती, परीक्षकाचा एकही प्रश्न नाही, वर माझं आडनावही चुकीचं छापलं. आता डीओएजेच्या, म्हणजे तपासून घेतलेल्या खुल्या जर्नलांच्या, यादीत जर्नल सापडलं नाही तर मेल उघडतसुद्धा नाही.

डिंक्या_पीएचडी:
ग्रंथपाल काका, करारनामा सापडला. १२ महिनेच लिहिले आहेत. पुढच्या वर्षीचं स्मरण मोबाईलवर लावून ठेवलं. पैसा डीबीटीचाच, त्यामुळे गाईड आता जरा नरमले आहेत.

मसुदा मोठ्या बाबांना पाठवला. इंग्रजी, त्यात फायटोफ्थोराच्या (डिंक्या आणणाऱ्या, मातीतल्या बुरशीसारख्या जीवाच्या) जाती आणि आकडेमोड, मला वाटलं बाजूला ठेवतील. रात्री साडेनऊला फोन. पहिला प्रश्न, बोर्डो पेस्ट (खोडाला लावायचा मोरचूद-चुन्याचा लेप) पावसाळ्याआधी लावायची की नंतर, ते यात कुठे आहे? म्हटलं, दोन्ही वेळा लावा, पण ते या पेपरात नाही. "मग आहे काय यात?" मी गप्प. दुसरा प्रश्न तक्त्याचा. बगीच्यांची नावं झाकून आम्ही नुसते नंबर दिले होते. बाकी काही नाही, पण तक्ता त्यांनी बरोबर वाचला.

"सात नंबरच्या मातीत सगळ्यात जास्त निघालं. तो बगीचा आपला ना व?"

आपलाच आहे. उद्या गावी चालली आहे.