रोटरी पेट्रोल पिते, म्हणून मिश्रण लीन करा म्हणे!

मस्कतरिटर्न (जालना)
काल थ्रॉटल_परभणी यांनी माझ्दाच्या आरएक्स-८ गाडीबद्दल, म्हणजे पिस्टनऐवजी रोटर फिरणाऱ्या रोटरी इंजिनाबद्दल, जे लिहिलं ते थोडक्यात असं: "आरएक्स-८ लिटरला ७-८ देते हे इंजिनाचं नाही, ट्यूनरचं पाप आहे. कंपनीने मिश्रण रिच ठेवलंय, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. लीन करा, म्हणजे पेट्रोल कमी, १४ देईल. आमच्या मेस्त्रीने आरएक्स हंड्रेड बाइकच्या कार्ब्युरेटरचा एअर स्क्रू अर्धा फेरा बाहेर काढून ३५ चे ४५ केले. दोन्ही इंजिनांना व्हॉल्व्ह नाहीत, दोन्ही ऑइल जाळतात, नावंसुद्धा दोघांची आरएक्स." खाली लोकांनी धडाधड अंगठे दिलेत, म्हणून हे लांबण लावतोय.

मी सहा वर्षं मस्कतला गॅरेजात काढली. जुन्या आरएक्स-८ तिथं पडेल भावात मिळायच्या. पोरं घ्यायची आणि महिन्याभरात आमच्या दारात आणून उभी करायची. गाडी दोन फूट पुढं घेऊन गार इंजिन बंद केलं तरी प्लग पेट्रोलात बुडायचे. असल्या इंजिनाला एअर स्क्रूचा उपाय सांगताय राव.

१३०८ सीसी हा आकडा नुसता नावाला आहे. ६५४ चे दोन रोटर, आणि शाफ्टच्या दर फेऱ्याला प्रत्येक रोटरचा एक स्फोट. फोर-स्ट्रोकच्या हिशेबाने ती २.६ लिटरची गाडी झाली. त्यातून जाळायची जागा पिस्टनवाल्या इंजिनासारखी आटोपशीर नाही. लांब, चपटी, शिवाय सरकती. भाकरी मधे करपावी आणि कडेला पीठच राहावं तसं होतं. गार भिंतीपाशी ज्योत विझते आणि कच्चं पेट्रोल सायलेन्सरात जातं. एका रोटरला दोन प्लग हौस म्हणून दिलेले नाहीत. तिथं प्रमाणाबाहेर लीन केलं की मिसफायर होतं, गाडी ओढत नाही, तुमचा पाय आणखी दाबतो. वाढलं का मायलेज?

माझ्दाने एकेकाळी मुद्दाम रिच ठेवलं होतं, हे खरं. १९७० च्या दशकात न जळलेला वायू एक्झॉस्टमधल्या भट्टीत जाळायचे आणि त्या भट्टीला खायला जास्तीचं पेट्रोल लागायचं. १९७३ ला तेल भडकलं तेव्हा ते अंगाशी आलं. पुढं भट्टी जाऊन कॅटलिटिक कन्व्हर्टर आला आणि मिश्रण लीन करता आलं. आरएक्स-८ मध्ये तर एक्झॉस्टचं भोकच बाजूच्या भिंतीत नेलं. म्हणजे तुमचा शोध ४० वर्षं शिळा आहे.

एका गिऱ्हाइकाने टर्बोवाल्या आरएक्स-७ चं पेट्रोल लॅपटॉपवर स्वतःच कमी केलं होतं. बूस्टवर, म्हणजे टर्बो हवा कोंबतो तेव्हा, एक भाग पेट्रोलला हवेचे ११ च्या आसपास भाग पाहिजेत तिथं १३ च्या वर गेलं. एकदाच खडखड वाजली म्हणे. उघडलं तर रोटरच्या टोकावरच्या २ मिलिमीटर जाडीच्या एपेक्स सीलचा तुकडा गायब, हाउसिंगवर नांगर फिरल्यासारखी रेघ आणि टर्बोची पाती खाल्लेली. वाचलेल्या पेट्रोलचा हिशेब त्यानंतर त्याने कधी काढला नाही.

थ्रॉटल_परभणी
मस्कत मस्कत! आमच्याकडं कुणी विमान बघितलंच नाही जणू. तुम्ही बूस्टचं सांगायलात, मी हायवेला शांत चालवायचं बोलायलोय. नेहमीच्या १४.७ ऐवजी १५.५ ठेवलं तर कामून सील तुटेल? माझ्या मुद्द्याला उत्तर द्या, इतिहास नको. आणि रोटरीचा जन्म जर्मनीत झालाय. जगात जर्मनी, भारतात परभणी, एवढं ध्यानात असू द्या.

वाळूज_दुसरीपाळी
१४.७ कुठलं घेऊन बसलात दोघं? पंपावर २० टक्के इथेनॉलवालं ई-२० मिळतंय, त्याला साडेतेराच्या आसपास लागतं. कार्ब्युरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं भोक, तोच, म्हणजे कुणी स्क्रूला हात न लावता तुमची आरएक्स हंड्रेड लीन झालीय. नीती आयोगाच्या २०२१ च्या कागदातच होतं: बिनइथेनॉलच्या जुन्या पेट्रोलसाठी बनवून १० टक्क्यांना जुळवलेल्या चारचाकीचं मायलेज २० टक्के इथेनॉलवर ६-७ टक्के पडेल, तशाच दुचाकीचं ३-४. माझी २०१२ ची गाडी १८ देत होती, आता १६ वर आलीय. भाव मात्र अख्ख्या लिटरचा घेतात. रोटरी कुणाकडं आहे इथं? या लुटीवर बोला.

मांजराकाठ (लातूर)
आता निघालंच आहे तर पुढचंही ऐका. इथेनॉल म्हणजे ऊस आणि ऊस म्हणजे पाणी. एप्रिल २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पहिल्या गाडीत ५ लाख लिटर. आम्ही घागरी घेऊन रांगेत आणि शहराबाहेर दहा किलोमीटरवर ऊस हिरवागार उभा! तेच पाणी आता तुमच्या टाकीत जळायलंय आणि तुम्ही जेटचा नंबर विचारायलात.

दोन_एकर_ऊस (धाराशिव)
रांगेत आम्ही नव्हतो का? उसावर घसरायच्या आधी सोयाबीनचा भाव बघून या. उसाला निदान गिऱ्हाईक ठरलेलं असतं. आणि इथेनॉल एकट्या उसाचं नाही, मका आणि तांदळाच्या कण्यांचंही होतं, तेवढं तरी वाचा. एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान भाव, १४ दिवसांत द्यायचा कायदा आहे. आमच्याकडच्या कारखान्याने मला पाच महिने लटकवलं. पोरीची फी उसनवारीवर भरली. शहरात बसून पाणी शिकवू नका.

मांजराकाठ (लातूर)
शहरात बसून? बोअर ६०० फुटांवर गेलाय माझा. ठिबक केलंय का तुम्ही, एवढंच सांगा.

दोन_एकर_ऊस (धाराशिव)
केलंय. अनुदान अजून यायचंय.

मांजराकाठ (लातूर)
बरं. मग तुमच्यापुरतं अर्धं मागे घेतो. पाटानं पाणी सोडणाऱ्या तुमच्या शेजाऱ्याला पूर्ण लागू.

मस्कतरिटर्न (जालना)
धागा मिश्रणाचा आहे मंडळी, उसाचा नाही.

मांजराकाठ (लातूर)
पेट्रोलात ऊस चालतो, धाग्यात कामून नको?

वाळूज_दुसरीपाळी
😄 मस्कतवाले, आता ११-१३ चे आकडे दाखवणाऱ्या तुमच्या वाइडबँड मीटरचं सांगा. ते खरं तर जळायला लागते त्याच्या किती पट हवा आहे एवढंच मोजतं आणि पडद्यावर पेट्रोलच्या पट्टीत १४.७ दाखवतं. ई-२० वर बरोबर जुळलेलं मिश्रणही ते १४.७ च म्हणणार. म्हणजे तुम्ही दोघं ज्या आकड्यावर भांडताय तो टाकीत काय आहे यावर ठरतो.

मस्कतरिटर्न (जालना)
हे मला माहीत होतं, लिहायचं राहिलं. असो. परभणीकर, हलक्या थ्रॉटलवर १५.५ चालून जातं, कबूल. बाहेरचा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, लावलेल्या पुष्कळ गाड्यांत तिथं उगाच रिच सोडलेलं असतं, पाय काढल्यावरही पेट्रोल चालू. ते नीट केलं तर लिटरमागे एखादा किलोमीटर वाढेल. ७ चे ८ होतील, १४ सात जन्मात नाही.

तुमच्या ४५ चं मात्र कुतूहल आहे. एअर स्क्रूने फक्त आयडलिंग आणि खालचा पिकअप बदलतो. तेवढ्यावर दहा किलोमीटर वाढत नाहीत. मेस्त्रीने अजून काय केलं, आणि कुठल्या महिन्यात?

थ्रॉटल_परभणी
मे महिना होता. मेन जेट एक नंबर लहान टाकला होता त्याने. त्यात काय एवढं?

मस्कतरिटर्न (जालना)
परभणीत मे म्हणजे ४३ डिग्री. तापलेली हवा विरळ असते, कार्ब्युरेटर आपोआप रिच होतो, त्यात लहान जेट खपून गेला. मायलेज वाढलं असेल, नाही म्हणत नाही. पण थंडीत हवा दाट होते, तोच जेट लीन पडतो, वर ई-२० चं वेगळंच. टू-स्ट्रोकला पेट्रोलनेच गारवा मिळतो. डिसेंबर-जानेवारीत गाडी कशी होती?

थ्रॉटल_परभणी
चांगली होती.

वाळूज_दुसरीपाळी
खरं सांगा.

थ्रॉटल_परभणी
जानेवारीत जिंतूर रोडला इंजिन पकडलं. बोर-पिस्टन करावं लागलं. पण मेस्त्री म्हणाला ऑइलपंप कमी सोडत होता, जेटचा संबंध नाही. आणि हे मी रोटरीच्या धाग्यात कशाला सांगू?

दोन_एकर_ऊस (धाराशिव)
ऊसच बरा म्हणायचा.

थ्रॉटल_परभणी
हसा, हसा. बरं, मस्कतवाले, तुम्ही एवढे शहाणे, तर थंडीत कितीचा मेन जेट टाकू? जुना ठेवलाय मी डब्यात.

मस्कतरिटर्न (जालना)
तोच जुना टाका. शिवाय एअर स्क्रू होता तिथं आणा, फिल्टर धुवा, चौथ्या गिअरला पूर्ण थ्रॉटलवर असतानाच इंजिन बंद करून क्लच दाबा आणि प्लग काढून फोटो टाका. पांढरा, म्हणजे लीन, दिसला तर जेट एक नंबर अजून मोठा. मेस्त्रीला विचारू नका.