मदत हवी आहे: 'शिल्लक माल' कोणत्या सर्व्हिसकडे ठेवावा?

भोसरीतल्या सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीची जुनी, एकसंध सॉफ्टवेअर सिस्टीम सर्व्हिसेसमध्ये (एकेक काम सांभाळणाऱ्या वेगळ्या भागांत) मोडतोय. ऑर्डर ते डिस्पॅच बीपीएमएन २.० मध्ये (कामाचे टप्पे आकृतीत मांडायची प्रमाणित पद्धत) काढून झालंय. आधी टेबलागणिक एक सर्व्हिस करून पाहिली. एक डिलिव्हरी चलन काढायला सर्व्हिसेसना अकरा कॉल, तोवर गेटवर ट्रक उभा. मग कामांनुसार गट केले: ऑर्डर, स्टॉक, बिलिंग. हे बरंच बरं चाललंय.

अडलंय ते 'शिल्लक'वर. स्टोअरला रॅकवर प्रत्यक्ष असलेला माल हवा, विक्रीला त्यातून बुक झालेला वजा करून. माझ्या मते या दोन वेगळ्या संकल्पना आहेत. टीमला एकच हवी.

डेटाबेस वर्षभर एकच राहणार, माणसं चार, त्यामुळे कृपया मायक्रोसर्व्हिसेस (सहसा आपापला डेटाबेस असलेल्या छोट्या, स्वतंत्र सर्व्हिसेस) सुचवू नका.

बुकिंगचा आकडा स्टॉक सर्व्हिसने सांभाळावा की ऑर्डरने? आणि दुसरीने तो दरवेळी मागून घ्यावा, की बदलला की तिला कळवावं?